दिव्यांच्या अवसेचं ग्रहण: २ ऑगस्ट २०२७ साठी डोळे सांभाळून करायची तयारी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस, आणि वारामुळे सोमवतीही. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्याच दिवशी दुपारी, ऊन कलल्यावर, कोकण, गोवा आणि पश्चिम महाराष्ट्रातून सूर्यग्रहण दिसणार आहे. २५ ऑक्टोबर २०२२ ला ऐन दिवाळीत मावळत्या सूर्याला ग्रहण लागलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतर आपल्याकडून दिसणारं हे पहिलंच.

ज्यांनी आजवर ग्रहण दार लावून घरात बसून काढलं, किंवा बघायची इच्छा असूनही कसं बघायचं हे कुणी सांगितलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह दोनच गोष्टींचा. ग्रहण जरूर बघा. आणि सूर्याकडे बघण्याआधी सूर्याची प्रतिमा बघायला शिका. त्यासाठी ग्रहणाची वाट बघावी लागत नाही, सूर्य रोज असतो. उद्या ऊन पडलं की सराव सुरू करता येतो.

आपल्याकडे किती दिसेल

हे ग्रहण मुळात खग्रास आहे. चंद्राच्या दाट सावलीचा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा सरकत हिंदी महासागरात उतरतो. इजिप्तमधल्या लक्सॉरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. २२ जुलै २००९ चं, सुरत, भोपाळ, पाटण्यावरून गेलेलं ग्रहण सोडलं तर या शतकात एवढा लांब खग्रास काळ दुसऱ्या ग्रहणाला नाही.

आपण त्या पट्ट्यापासून दोनेक हजार किलोमीटर लांब आहोत, म्हणून आपल्या वाट्याला खंडग्रास येतं. सूर्याचा निम्म्याहून कमी भाग झाकला जाईल. दक्षिण-पश्चिमेला जास्त, पूर्वेकडे जावं तसा कमी. सिंधुदुर्ग आणि गोव्यात जे दिसेल तेवढं मराठवाड्यात दिसणार नाही, आणि विदर्भातल्या मंडळींनी तर आधी आपल्या गावाचा आकडाच बघून घ्यावा. गावागणिक वेळही काही मिनिटांनी बदलते. पंचांगात स्पर्श, मध्य आणि मोक्ष अशा तीन वेळा दिलेल्या असतात: चंद्र सूर्यबिंबाला टेकतो तो स्पर्श, जास्तीत जास्त झाकतो तो मध्य, पूर्ण बाजूला होतो तो मोक्ष. आपल्या शहराच्या या तीन वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एवढ्याशा ग्रहणात अंधारून येणार नाही, पक्षी घरट्याकडे परतणार नाहीत, ऊनसुद्धा कमी झाल्यासारखं वाटणार नाही. ज्याला माहीत नाही त्याला ग्रहण चालू आहे याचा पत्ताही लागायचा नाही. आणि याचाच दुसरा अर्थ असा की आपल्याकडे स्पर्शापासून मोक्षापर्यंत असा एकही क्षण येत नाही, जेव्हा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघणं चालेल. खग्रास बघून आलेले लोक ‘तेव्हा चष्मा काढला होता’ असं सांगतात, ते त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे. पण पूर्ण झाकलेल्या सूर्याचा तो नियम आपल्या खंडग्रासाला लावायचा नाही.

डोळ्याला काय होतं

ग्रहणात सूर्यातून काही वेगळे किरण निघत नाहीत. सूर्य रोजचाच असतो. फरक आपल्या वागण्यात पडतो. एरवी आपण सूर्याकडे टक लावून बघत नाही, बघायला गेलो तर डोळे आपोआप मिटतात. ग्रहणाच्या दिवशी मात्र आपण मुद्दाम बघतो, नेट लावून बघतो, आणि पुन्हा पुन्हा बघतो.

डोळ्यातलं भिंग सूर्याची छोटीशी प्रतिमा दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या भागावर पाडतं. वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला जो भाग लागतो, तोच हा. सूर्याचा उघडा राहिलेला तुकडा कितीही लहान असला तरी त्याची तीव्रता पूर्ण सूर्याएवढीच असते. त्या प्रकाशाने, विशेषतः निळ्या आणि त्यापलीकडच्या किरणांनी, दृष्टिपटलाच्या पेशींमध्ये रासायनिक बिघाड होतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना डोळ्यात साधं टोचतही नाही. त्रास जाणवतो तो काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी: नजरेच्या मधोमध धूसर किंवा काळा ठिपका, सरळ रेघ वाकडी दिसणे, रंग फिके दिसणे. काही जणांची नजर काही महिन्यांत बरीचशी सुधारते, काहींची पूर्ण कधीच सुधारत नाही. खात्रीचा उपचार नाही. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं, घातक किरण आत जास्त पोचतात. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘एकदाच, पटकन’ हेसुद्धा चालवून घेऊ नये.

ऑगस्टमधल्या ग्रहणाचा आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे पातळ ढग. ढगाआडचा सूर्य चंद्रासारखा मवाळ दिसतो, डोळे मिटावेसे वाटत नाहीत, बिंबाचा कोर खाल्लेलाही स्पष्ट दिसतो. मग माणूस बघतच राहतो. श्रावणाच्या तोंडावरचे ढग एका जागी थांबत नाहीत. क्षणात फट पडते आणि रोखलेल्या डोळ्यांवर पूर्ण तेजाचा सूर्य येतो. ढग ही गाळणी धरायची नाही, चष्मा डोळ्यांवर ठेवायचाच.

चष्मा कसा घ्यायचा आणि कसा तपासायचा

सूर्य बघण्याच्या चष्म्यांसाठी आयएसओ १२३१२-२ असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. या निकषात बसणारा चष्मा दिसणाऱ्या प्रकाशाचा लाखातला जेमतेम तीन भाग आत सोडतो आणि अतिनील व अवरक्त किरणही अडवतो. पण नुसता आकडा छापलेला असणं पुरेसं नाही, आकडा कुणीही छापू शकतो. चष्मा ओळखीच्या ठिकाणाहून घ्यावा. मुंबईचं नेहरू तारांगण, १९४४ पासून पुण्यात काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था, खगोल मंडळ, मराठी विज्ञान परिषद, तालुक्याच्या गावातला विज्ञानाचा एखादा धडपड्या शिक्षक: चौकशी अशा ठिकाणी करावी. तीही जूनमध्येच. शेवटच्या आठवड्यात जे रस्त्यावर विकायला येतं, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हातात आल्यावर घरीच तपासा. चष्मा लावून खोलीत उभे राहा. काहीच दिसायला नको. ट्यूबलाइट, टीव्ही, खिडकी, समोरचा माणूस, सगळं गडप व्हायला हवं. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर फार तर एक मंद ठिपका दिसावा. खोलीतलं फर्निचर किंवा खिडकीची चौकट दिसत असेल तर तो चष्मा सूर्यासाठी नाही. मग चष्मा उजेडासमोर धरून पडदा नीट न्याहाळा: टाचणीएवढं छिद्र, ओरखडा, घडीची रेघ, कडेला सुटलेला चिकटपणा. यातलं काहीही आढळलं तर कात्रीने दोन तुकडे करून कचऱ्यात टाका. ‘राहू दे, मुलांना खेळायला होईल’ म्हणून ठेवलेला चष्मा ग्रहणाच्या दिवशी नेमका कुणाच्या तरी हातात येतो.

वापरायची पद्धत मुलांकडून आधीच घोटून घ्या. मान खाली, चष्मा लावा, मग मान वर. बघून झालं की मान खाली, मग चष्मा काढा. वर बघत असताना चष्म्याला हात लावायचा नाही. नंबरचा चष्मा असेल तर ग्रहणाचा चष्मा त्याच्यावरून लावायचा. पुठ्ठ्याचे चष्मे लहान तोंडाला सैल होतात, दोन्ही काड्यांना मागून इलास्टिक बांधलं तर घसरत नाहीत. सलग टक लावण्यापेक्षा थोडा वेळ बघावं, थांबावं, पुन्हा बघावं. ग्रहण मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतं, दोन मिनिटं नजर काढली तर काही हुकत नाही.

वेल्डिंगची काच चालते का, हा प्रश्न दर ग्रहणाला येतो. १४ नंबरची चालते, सूर्य तिच्यातून हिरवा दिसतो. गॅरेजमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात रोजच्या वापरात असते ती बहुतेक वेळा त्याहून कमी नंबरची, ती चालत नाही. कमी नंबरच्या दोन काचा एकावर एक ठेवून काम भागवू नये. नंबर वाचता येत नसेल तर काच परत ठेवा.

घरोघरी चालत आलेले उपाय

काजळी धरलेली काच, जुन्या एक्स-रेची फिल्म, फोटोची निगेटिव्ह, सीडी, एकावर एक दोन गॉगल. यातली प्रत्येक वस्तू सूर्य मंद करून दाखवते, आणि म्हणूनच फसवते. दिसणारा प्रकाश कमी झाला की डोळ्याला बरं वाटतं, पण न दिसणारे किरण किती आत आले हे आपल्याला कळायला मार्ग नाही. काजळी कुठे जाड, कुठे पातळ. एक्स-रेमध्ये हाडाच्या जागी फिल्म जवळजवळ पारदर्शक.

परातीतल्या पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तो उपाय आजीने सांगितलेला असतो आणि तिच्यावर आपला विश्वास असतो. परातीत पाणी घ्यायचं, त्यात शेण किंवा हळद कालवायची आणि त्यातलं सूर्याचं प्रतिबिंब बघायचं. हिशेब करून बघू. पाण्याच्या पृष्ठभागावरून पडणाऱ्या उजेडाचा निदान शेकडा दोन भाग परततो, सूर्य कललेला असेल तर त्याहून जास्त. शेकडा दोन म्हणजे लाखात दोन हजार. चांगला चष्मा लाखात तीन भाग सोडतो. म्हणजे पाण्यातून येणारा सूर्य चष्म्यातल्या सूर्याहून शेकडो पट प्रखर. शेण किंवा हळद कालवून पाण्याचा तळ दिसेनासा होतो, पाणी गडद दिसतं, पण पृष्ठभागावरून परतणारा उजेड तेवढाच राहतो. आजीची इच्छा डोळे सांभाळायचीच होती, तिच्याकडे तेव्हा दुसरं साधन नव्हतं. आज आहे.

प्रतिमा बघा: झाऱ्यापासून आरशापर्यंत

सूर्याकडे पाठ करून ग्रहण बघणं ही माझी सगळ्यांत आवडती पद्धत. डोळ्याला धोका नाही, खर्च नाही, आणि चष्म्यातून एका वेळी एक जण बघतो तिथे भिंतीवरची प्रतिमा अख्खी चाळ एकत्र बघू शकते.

सुरुवात झाडाखालून करा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली उन्हाचे जे कवडसे पडतात ते गोल असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसा गोल, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. ग्रहण लागलं की ते सगळे कवडसे एकाच बाजूने खाल्लेले दिसतात, जमिनीवर जणू चतकोर मोडलेल्या भाकरी मांडून ठेवल्या आहेत. गोल कवडसे एकदा नीट बघून ठेवले असतील तर त्या दिवशीचा बदल झटकन कळतो.

पुढचं साधन स्वयंपाकघरात आहे. बुंदीचा झारा, पुरणयंत्राची भोकांची चकती, काहीही चालेल. एका हातात झारा, दुसऱ्या हातात किंवा जमिनीवर पांढरा कागद. झारा उन्हात धरा आणि कागदापासून हळूहळू लांब न्या. जवळ असताना कागदावर भोकांचाच आकार दिसतो. अंतर हातभराच्या पुढे गेलं की प्रत्येक भोकाची सूर्यप्रतिमा होते. यामागे एक सोपं गणित आहे: प्रतिमेचा व्यास हा भोक ते कागद या अंतराच्या साधारण एकशे दहावा भाग असतो. एक मीटरवर ९ मिलिमीटर, दोन मीटरवर १८. भोक या प्रतिमेपेक्षा बरंच लहान हवं, नाहीतर कडा पुसट होतात. बुंदीच्या झाऱ्याची भोकं मोठी असतात, त्यासाठी अंतर वाढवा. 

हेच गणित पुठ्ठ्याच्या खोक्यालाही लागू पडतं. चपलांच्या खोक्याला भोक पाडून सूर्य बघायचा प्रयोग शाळेत करतात आणि मुलं हिरमुसतात. तीस सेंटिमीटरच्या खोक्यात प्रतिमा तीन मिलिमीटरचीही होत नाही, त्यात ग्रहण काय दिसणार? टीव्हीचं किंवा उभ्या पंख्याचं लांब खोकं घ्या. एका टोकाला चौकोनी खिडकी कापून तिच्यावर स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि फॉइलला टाचणीने एकच स्वच्छ भोक पाडा. समोरच्या टोकाला आतून पांढरा कागद, बाजूला डोकावायला फट. पाठ सूर्याकडे, भोक सूर्याकडे, नजर आत कागदावर. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगा.

आता आरसा. एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

१. दाढीचा किंवा पर्समधला छोटा सपाट आरसा घ्या. फुगीर, मोठं दाखवणारा नको.

२. काळ्या कागदाला ऑफिसच्या पंचिंग मशिनने एक भोक पाडा. ते पाचसहा मिलिमीटरचं असतं आणि नेमकं तेवढंच हवं. कागद आरशावर असा चिकटवा की भोकापुरताच आरसा उघडा राहील.

३. आरसा टेकवायला कणकेचा गोळा किंवा वाटीभर तांदूळ घ्या. तांदळात आरसा खोचला की हवा तसा कलवता येतो आणि जागचा हलत नाही.

४. ग्रहणाच्या वेळी सूर्य पश्चिमेकडे कललेला असेल. पश्चिमेची गॅलरी किंवा खिडकी, नाहीतर गच्चीचं दार शोधा. आरसा तिथे उन्हात ठेवा आणि उजेडाचा झोत आत अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर, जिन्यात किंवा पॅसेजच्या टोकाला टाका.

५. भिंत दहा मीटरवर असेल तर सूर्य नऊ सेंटिमीटरचा पडतो, पंधरा मीटरवर जवळजवळ चौदा. अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, फक्त खोली तेवढी अंधारी हवी.

ही प्रतिमा भिंतीवरून सरकत राहते. सूर्य आपल्या बिंबाएवढं अंतर सुमारे दोन मिनिटांत कापतो, म्हणून भिंतीवरचा सूर्यही दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. आरशाजवळ एका जबाबदार माणसाला बसवा, त्याने वाटीतला आरसा हलक्या हाताने फिरवत राहायचं. भिंतीवर कागद लावून दर पंधरा मिनिटांनी बिंबाची बाह्यरेषा पेन्सिलीने गिरवली आणि बाजूला वेळ लिहिली, तर ग्रहणाची तुमच्या घराची स्वतःची नोंद तयार होते. शाळकरी मुलांना याहून चांगला प्रकल्प मी सुचवू शकत नाही.

एक काळजी घ्या. झोताच्या वाटेत उभं राहून आरशाकडे बघणं म्हणजे थेट सूर्याकडेच बघणं. झोत शक्यतो डोक्यावरून जाईल असा टाका, किंवा वाटेत दोन्ही बाजूंना खुर्च्या लावून ठेवा. आणि प्रतिमेची बाजू आकाशातल्यासारखीच असेल असं धरू नका: आकाशात खालून खाल्लेला सूर्य खोक्यातल्या कागदावर वरून खाल्लेला दिसतो, आरशाच्या प्रतिमेत मात्र बाजू आरसा कसा कलवला आहे त्यावर ठरते.

दुर्बीण आणि मोबाइल

साध्या दुर्बिणीतून, टेलिस्कोपमधून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही. ग्रहणाचा चष्मा लावून तर नाहीच नाही. दुर्बीण सूर्याची उष्णता एका ठिपक्यात गोळा करते, तिथे चष्म्याचा पडदा क्षणात वितळतो. सूर्यासाठीची गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या, सूर्याकडच्या टोकाला लावायची असते, आणि ती लावणं हे जाणकाराचं काम आहे. खगोलप्रेमींनी मांडलेल्या टेलिस्कोपमधून त्यांच्या देखरेखीखाली खुशाल बघा.

मोबाइलवर फोटो काढायचा तर चष्म्याचा पडदा मोबाइलच्या भिंगासमोर धरा, आणि तुमच्या डोळ्यांवर वेगळा चष्मा असू द्या, कारण स्क्रीनच्या कडेवरून नजर वर जातेच. फोटोत सूर्य हरभऱ्याएवढाही येणार नाही. झाऱ्याखालच्या शंभर चतकोर सूर्यांचा फोटो त्यापेक्षा कितीतरी सुंदर येतो.

पावसाचं काय

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे भर पावसाळा. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९, दोन्ही ग्रहणांच्या वेळी भारतात अनेक ठिकाणी लोक ढगांकडेच बघत राहिले. कोकणात आणि घाटमाथ्यावर आकाश उघडेल याची खात्री धरू नये. सह्याद्री ओलांडून पूर्वेला पर्जन्यछायेत गेलं की शक्यता वाढते: माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा भाग. सोमवार आहे, रजा टाकायची आणि गाडी काढायची तयारी असेल तर आदल्या रात्री उपग्रहाची ढगांची चित्रं बघून दिशा ठरवा. पण पूर्वेकडे जावं तसं ग्रहण लहान होतं, हे ध्यानात ठेवून फार लांब जाऊ नका.

घरीच थांबणार असाल तर दोन्ही साधनं तयार ठेवा. स्वच्छ ऊन असेल तेव्हा आरसा आणि झारा चालतात, ढगातून फिकं ऊन आलं की प्रतिमा पुसट होते, तेव्हा चष्मा कामी येतो. स्पर्श ते मोक्ष बराच वेळ असतो, पाच मिनिटांची उघडीप मिळाली तरी दिवस सार्थकी लागतो.

घरातली मोठी माणसं

१६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटकातून ओडिशापर्यंत गेला, तेव्हा मुंबईचे रस्ते दुपारी ओस पडले होते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र लोक राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत मुद्दाम ग्रहण बघायला गेले. पंधरा वर्षांत हा बदल झाला तो ग्रहण बघू देणाऱ्या आणि समजावून सांगणाऱ्या माणसांमुळे. घरातही हेच धोरण चालतं. आजीला वेध पाळायचे असतील, मोक्षानंतर आंघोळ करायची असेल, परातीत मुसळ उभं करायचं असेल, तर करू द्यावं. नातवाने तेच मुसळ दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना उभं करून दाखवावं, वाद घालावा लागत नाही. ‘दे दान, सुटे गिराण’ म्हणत कुणी दारात आलं तर दान द्यायला काहीच हरकत नाही.

तीन बाबतींत मात्र मी आग्रही आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी, इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेधापायी जेवण आणि औषध चुकवू नये, साखर खाली गेली तर जिवावर बेततं. गर्भवतीला तासन् तास एका जागी, उपाशी, पाणी न पिता बसवू नये. ग्रहणाने पोटातल्या बाळाला व्यंग येतं याला कसलाही आधार नाही, भाजी चिरल्याने किंवा सुई हातात घेतल्यानेही काही होत नाही. चष्मा लावून तीही इतरांसारखीच ग्रहण बघू शकते. आणि शिजवलेलं अन्न ग्रहणामुळे खराब होत नाही, पावसाळी दमटपणात उघडं राहिलं तर होतं, तेव्हा झाकून ठेवा.

ग्रहण सूर्यास्ताच्या बरंच आधी संपतं, त्यामुळे संध्याकाळच्या दीपपूजनाला काही अडचण येत नाही.

जेद्दा-मक्केत असाल तर

रत्नागिरी, रायगडमधली कितीतरी घरं आखातात नोकरीला आहेत. जेद्दा आणि मक्का खग्रास पट्ट्यात येतात, तिथे काही मिनिटं सूर्य पूर्ण झाकला जाईल. तिथला नियम वेगळा. चष्म्यातून शेवटचा तेजस्वी मणी दिसेनासा होईपर्यंत चष्मा ठेवायचा, मग काढायचा आणि काळ्या बिंबाभोवतीचं पांढरं प्रभामंडळ उघड्या डोळ्यांनी डोळे भरून बघायचं. कडेला पहिला लखलखीत ठिपका चमकला की तत्क्षणी मान खाली, चष्मा पुन्हा डोळ्यांवर. दुबई, दोहा, मस्कत इथे मात्र खंडग्रासच आहे, म्हणजे आपल्यासारखाच पूर्ण वेळ चष्मा. इकडे घरी असलेल्यांनी जेद्दाच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावून ठेवावा, पण त्या खग्रास मिनिटांत त्यांना बोलायला लावू नये.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी तर नक्कीच, एकेक डोळा झाकून वर्तमानपत्रातली ओळ वाचून बघावी. अक्षरं मधोमध पुसट होत असतील, ओळ वाकडी दिसत असेल किंवा ठिपका हलत नसेल, तर डोळे न चोळता, घरगुती थेंब न घालता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावं आणि ग्रहण कसं, किती वेळ बघितलं ते खरं सांगावं. मुलं ओरडा बसेल म्हणून लपवतात, त्यांना आधीच अभय द्या.

चष्मे जपून ठेवा. घडी न करता, जाड पुस्तकात किंवा कडक पाकिटात, ओलीपासून दूर. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा जातो आणि २० मार्च २०३४ ला खग्रासाचा पट्टा काश्मीर-लडाखच्या बाजूला पोचतो, दोन्ही वेळा महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. पुन्हा वापरण्याआधी खोलीतली आणि उजेडासमोरची तीच तपासणी करायची. कणकेचा गोळा मात्र फेकून द्या, त्याला मुंग्या लागतात.